नव्वदची कॅसेट

कोरी कॅसेट मुख्यतः दोन मापांत मिळायची, साठची आणि नव्वदची. साठच्या कॅसेटमध्ये एका बाजूला अर्धा तास, नव्वदच्या कॅसेटमध्ये पाऊण तास. सिनेमाची गाणी नव्वदच्या एका बाजूला नऊ किंवा दहा बसत. मुरगुडातल्या आमच्या पिढीला हा हिशोब पाढ्यासारखा पाठ होता. फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ साली काढली, पण आमच्याकडे ती घराघरांत पोचली १९८० नंतर. त्याआधी सगळी मदार रेडिओवर. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि अमीन सयानींचा आवाज ऐकायला माणसं ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या सोप्यात जमायची. पण आपल्याला हवं ते गाणं कधी लागेल हे रेडिओवाल्याच्या हाती. कॅसेट आली आणि यादी करण्याचा अधिकार आपल्याकडे आला. कागदावर गाणी लिहायची, कोरी कॅसेट घ्यायची आणि निपाणीला किंवा कोल्हापूरला रेकॉर्डिंगच्या दुकानात भरायला टाकायची.

माझे अब्बा शिलाईचं काम करायचे. बाजारपेठेत लहानसं दुकान, दोन मशिनी, बाहेर एक बाकडं. चाचा सौदीला कामाला होते. १९८६ साली सुट्टीवर येताना त्यांनी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर आणला. एकीवरची गाणी दुसरीवर उतरवता येत. मग निपाणीची फेरी कशाला? कापड टाकायला येणारा माणूस येताना घरातली कॅसेट घेऊन येऊ लागला. त्याच्याकडची चार गाणी याला, याच्याकडची दोन त्याला. अब्बा कुणाकडून त्याचे पैसे घेत नसत. कोरी कॅसेट मात्र ज्याची त्याने आणायची.

अब्बांची मापाची वही अजून माझ्याजवळ आहे. पुढून छाती, कंबर, बाही, उंची. मागून उलटी धरली की गाण्यांच्या याद्या. बिद्रीच्या साखर कारखान्यातला फिटर फक्त मुकेश सांगायचा, त्यातही रडकी गाणी आधी. तालमीतला एक पैलवान, ज्याच्या शर्टाला नेहमी वीतभर कापड जास्त लागायचं, त्याला गुलाम अलींच्या गझला हव्या असायच्या. अर्थ विचारायला तो अब्बांकडे यायचा, आणि अब्बांची उर्दू मशिदीतल्या मक्तबापुरतीच, त्यामुळे दोघं मिळून अंदाज करायचे. देवळातल्या गुरवाच्या यादीत अजीज नाझाँची कव्वाली. निपाणीहून येणाऱ्या विडी कामगाराने राजकुमारची कन्नड गाणी आणली, ती दुकानात कुणाला कळत नव्हती आणि सगळ्यांना आवडत होती. कॉलेजच्या पोरांनी मायकेल जॅक्सन आणला तेव्हा मात्र अब्बा म्हणाले, याच्या तालावर काज होत नाहीत.

अब्बांचे स्वतःचे रफीसाहेब. ३१ जुलै १९८० ला ते गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी अब्बांनी दुकान उघडलं नव्हतं, असं अम्मी सांगायची. हिंदी तर सगळेच ऐकत. अब्बा गिऱ्हाइकांना आवर्जून रफींची मराठी गाणी ऐकवत. श्रीकांत ठाकरे यांच्या चाली, वंदना विटणकरांचे शब्द आणि गळा रफींचा. ठाकरे हे आडनाव पुढे आमच्या मोहल्ल्यात जरा जपूनच घेतलं जाऊ लागलं, पण वहीत ते रफींच्या शेजारी अब्बांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे. अब्बा म्हणत, माप घेताना माणूस पोट आत ओढून घेतो, आवडतं गाणं सांगताना ओढत नाही.

दुकानाचे काही नियम होते. अजान होत असेल तर टेप बंद. मोहरमचे पहिले दहा दिवस टेपवर कापड. गल्लीत मयत झाली, मग ती कुणाचीही असो, तरी कापड. गणपतीत टेप मंडळाकडे उसना जायचा, विसर्जनानंतर धूळ पुसून परत यायचा.

बाकड्यावर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक बसत. कोल्हापूरच्या देवल क्लबात गाणं ऐकायला ते एस.टी.ने जात आणि रात्री मुक्कामाला तिथंच नातेवाइकांकडे राहत. त्यांनी केसरबाई केरकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर आणले. फिटरला ते गाणं म्हणजे शिक्षा वाटे. एकदा गुरुजींनी सांगितलं की अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि त्या तबकडीत जगभरातल्या संगीताचे सत्तावीस तुकडे आहेत. बाख, बीथोवन, चक बेरीचा रॉक अँड रोल, जावा बेटावरचं गामेलान, अझरबैजानचं लोकसंगीत, आणि भारताकडून केसरबाईंची भैरवी. सगळं मिळून साधारण नव्वद मिनिटं. फिटर म्हणाला, "म्हणजे आपलीच नव्वदची कॅसेट की ओ!" त्यानंतर त्याने केसरबाईंना नावं ठेवली नाहीत.

गुरुजींना सांगायचं होतं ते पुढचं. केसरबाईंचे उस्ताद अल्लादिया खाँ. जयपूर-अत्रौली गायकी घडवणारा हा माणूस शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात दरबारी गवई होता. त्यांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भूर्जी खाँ, या दोघांकडे मन्सूर शिकले. तिकडे मिरजेला अब्दुल करीम खाँ मीरासाहेबांच्या दर्ग्यातच दफन आहेत आणि उरुसात तिथं आजही गाण्याची हजेरी लागते. गुरुजी अब्बांकडे बघून म्हणत, "मास्तर, हे सगळं तुमचं." अब्बा म्हणत, "गुरुजी, मला तर तुम्हीच ऐकवलंत."

१९९५ च्या सुमारास चाचा कायमचे परतले. टेप ज्या देशातून आला होता त्याच देशातून टेपविषयीचा आक्षेपही आला. चाचांनी दाढी राखली होती, नमाज एकही चुकत नव्हती. आमच्या घरात त्यांच्याइतका प्रामाणिक माणूस दुसरा नाही, हे आधी सांगून ठेवतो. ते अब्बांना म्हणाले, "भाई, मरने के बाद ये सात आनेवाला है क्या?" अब्बा काही बोलले नाहीत. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून अटींसह गाणं ऐकणं जायज ठरवलं आहे, आणि ते नाजायज ठरवणारे विद्वानही तितकेच मोठे आहेत. हा वाद हजार वर्षांचा. तो मुरगुडातल्या शिंप्याच्या दुकानात मिटेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंग रचले आणि आमच्या बायका जात्यावर ओव्या गात आल्या, त्या माणसांचा दीन कच्चा होता असं मला कधी वाटलं नाही.

कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचे दोन दात असत. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. अब्बांनी आवडत्या कॅसेटींचे दात केव्हाच मोडून ठेवले होते. चाचांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि एकेका कॅसेटीवर मौलानांचं बयान उतरवलं. मुकेश गेला, गुलाम अली गेले, रफीही गेले. अब्बा मशीन चालवत राहिले. अम्मीने मात्र दोन दिवस चाचांशी बोलणं टाकलं. "गाना नै तो हात कैसा चलता?" एवढंच ती म्हणाली.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. त्या आठवड्यात माझ्या पुतण्याने आपलं स्टेटस पुसून टाकलं. त्यावर काय होतं? नुसरत फतेह अली खाँची एक कव्वाली. कुणी काही म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, कोण काय अर्थ काढील सांगता येत नाही. पुतण्याकडे फोनमध्ये हजारो गाणी आहेत. अब्बांच्या दुकानात पुऱ्या शंभर कॅसेटी नसतील. पण तिथं एक गाणं एका माणसाला दिलं जायचं, त्याने ते मागितलेलं असायचं, आणि देणाऱ्याला त्याच्या छातीचं मापही ठाऊक असायचं. स्टेटस सगळ्यांना एकदम दिसतं, ज्यांनी मागितलं नाही त्यांनाही. पुतण्याला भित्रा म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

अब्बा-अम्मी दोघंही आता नाहीत. पेटीतल्या उरलेल्या कॅसेटी पुतण्या जुन्या टेपवर लावून फोनमध्ये उतरवून घेतोय. बयान बहुतेक अर्ध्या तासाचं आहे, कॅसेट नव्वदची. त्यामुळे दुआ संपून आमीन झालं की थोडी खरखर येते आणि रफी मधल्याच ओळीपासून गायला लागतात. परवा एका कॅसेटची दुसरी बाजू लावली. ती चाचांनी भरलेलीच नव्हती. तिच्यावर त्यांच्याच लग्नातली हळदीची रात्र निघाली. ढोलकी, बांगड्यांचा आवाज, बायकांची दखनी गाणी, मध्येच कुणाचं तरी पोर रडतंय.

चाचा बाजेवर तसबीह घेऊन बसले होते. मी म्हटलं, ही अम्मी गातेय. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "नै, ये तेरी फुप्पीका आवाज है. तेरी अम्मी पिच्छे है, ढोलकी पर."