विचारायला लागलेली वर्षं

बारामतीहून सकाळची एस.टी. धरायची, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूर गाठायचं आणि उर्दू शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं, हा माझा रोजचा क्रम. धाकटीच्या जन्मानंतर दुपार कलली की ओटीपोट जड व्हायचं, खाली काही उतरल्यासारखं वाटायचं. पाळीत तर एस.टी.त बसणंही नकोसं होई. जाड पॅड नेमकं त्याच जागी घासायचं.

अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, "जचगी के बाद होताच है बेटा. हंडे मत उठा." तिचंही अंग बाहेर येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

2018 मध्ये अस्मिता योजना आली. शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. ते कसं वापरायचं, कधी बदलायचं हे मी वर्गात न लाजता सांगितलं. स्वतःसाठी डॉक्टरकडे जायला मात्र मला आणखी वर्ष लागलं.

पहिल्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पिशवी काढून टाका." त्याच वर्षी, 2019 मध्ये, बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकाराची चौकशी डॉ. नीलम गोऱ्हे यांची समिती करत होती. उसाच्या गाड्यांवर बसलेल्या तशा बायका मी हंगामात आमच्या रस्त्यावर रोज पाहत होते. मी घाबरून परत आले.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि बंध सैल पडले की गर्भपिशवी किंवा मूत्राशय खाली सरकतं. बाळंतपण, ओझी, जुना खोकला, बद्धकोष्ठ ही त्याची कारणं. प्रत्येकीला ऑपरेशन लागतंच असं नाही. लघवी रोखताना जे स्नायू आपण आवळतो, ते रोज आवळायचे आणि सोडायचे. डॉ. केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला हा व्यायाम. गरज पडली तर आधाराला रिंग बसवतात.

मग धीर करून विचारलं, "मॅडम, पाळीत मी काय वापरू?"

त्या हसल्या नाहीत. टॅम्पॉन अशा अवस्थेत नीट टिकत नाही, घसरतो. कप आत हवेच्या ओढीने चिकटतो. ती ओढ न सोडवता खेचला किंवा कुंथून काढला, तर आधीच सैल झालेलं अंग आणखी खाली येऊ शकतं. रिंग असेल तर विचारल्याशिवाय कप वापरायचाच नाही. पुढे वाचनात आलं की ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने 2020 मध्ये कपसोबत अशी सूचना देण्याची मागणी केली होती.

माझ्यापुरतं उत्तर साधंच निघालं. शाळेत पातळ, सुती आवरणाचं पॅड, तेही मधल्या सुटीत बदलायचं. घरी मऊ सुती कापड, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं. रात्री पाळीसाठी मिळते ती शोषून घेणारी चड्डी, घट्ट नसलेली. दुसरीला दुसरं काही सोयीचं पडेल.

गेल्या महिन्यात अम्मीला त्याच बाईंकडे नेलं. तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. रिंग बसवून घेतली आणि ती दवाखान्याच्या पायऱ्या आधाराविना उतरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "इत्ते साल कायकू सहन करी मैं?"

मला काही उत्तर देता आलं नाही.