अलार्मचा खरा खर्च



गल्लीत दोन घरफोड्या झाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे: अलार्म केवढ्याला पडतो? दशलक्षण पर्वात सकाळी आपण सगळे मंदिरात, घराला कुलूप. म्हणून आम्हीही कोटेशन मागवले. कॉमर्सची पदवी असल्याने हिशेब माझ्याकडे आला.

मुख्य पेटी, दारा-खिडक्यांचे सेन्सर, सायरन आणि बॅटरी मिळून 14,000 रुपये, बसवण्याची मजुरी 2,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,970. एकूण 19,470. दुकानदार इथेच थांबतो. पुढचे आपण विचारायचे असते. मोबाइलवर इशारा येण्यासाठी पेटीत सिमकार्ड लागते, त्याचा रिचार्ज वर्षाला 1,200. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा करार, वर्षाला 2,000. मधे एकदा बॅटरी बदलायची, 1,500. पाच वर्षांचे झाले 34,970, म्हणजे महिन्याला सुमारे 583 रुपये.

हे कशासाठी? आमचे हे म्हणाले, "तुझ्या दागिन्यांसाठी." मग मी कपाट उघडून यादीच केली. तीन वर्षांत अंगावर चढलेले जिन्नस चारच निघाले. बाकीच्यांपायी आम्ही दोघे मिळून यात्रेला जात नव्हतो, एकजण घर राखायला मागे राही. परिग्रह-परिमाण व्रत घेताना सोने किती ठेवायचे ते आपण ठरवतो. ते राखायला काय पडते, ते मात्र कोणी मांडत नाही.

लेकीचे लेकीला, सुनेचे सुनेला दिले. उरलेले लॉकरमध्ये. तिथेही डोळे मिटून ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमाने लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच.

घरात राखण्यासारखी राहिलो आम्ही दोघे म्हातारी. मुख्य दाराला एक सेन्सर, सायरन आणि यांच्या पलंगाशी मदतीचे बटण, एवढेच घेतले. रात्री यांच्या छातीत दुखले तर बटण दाबताच मुलाला आणि शेजारी फोन जातो. खर्च निम्म्यावर आला. कोड कामाच्या मावशींनाही दिला. वीस वर्षे त्या येतात. दुपारी मी एकटी असताना धावून येणाऱ्या त्याच.

कोटेशन जरूर मागवा. पण आधी कपाटाची यादी करा.