पांढरा थर

आमच्या लातूरकडच्या गावात पावसाळा लागला की ग्रामपंचायतीचा शिपाई बादलीत टीसीएल पावडर कालवायचा, चुना तळाला बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी आडात सोडायचा. "अर्धा घंटा कुणी पाणी शेंदू नका," असं ओरडत गल्लीतून जायचा. क्लोरिनचा वास मला तेव्हापासून ओळखीचा.

पुढं नांदेडला नोकरी लागली, तीही पाणीशुद्धीकरणातच. गोदावरीच्या पाण्यात सोडायचा क्लोरिन वायू तिथं ९०० किलोच्या टाकीतून यायचा. कोरडा असतो तोवर हा वायू लोखंडाला काही करत नाही. जरा ओल शिरली की आम्ल होतं, लोखंड खातं आणि तांबूस गाळ नळीत अडकतो. अमोनियाची बाटली जोडाजवळ धरायची. पांढरा धूर दिसला की गळती पक्की.

पण मला खरं शिकवलं ते मिठापासून क्लोरिन करणाऱ्या यंत्रानं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की सोडियम हायपोक्लोराइट तयार होतं. या यंत्राचं दुखणं दुष्काळात उघडं पडतं. २०१६ ला मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दुष्काळात बोअर खोल जातात आणि आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी मुळातच जड. त्या पाण्यात साधं खडं मीठ विरघळवलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम यंत्रातल्या कॅथोडच्या पट्टीवर बसतं, गीझरच्या कॉइलवर बसतं तसं. पट्ट्यांमधली फट बुजते, व्होल्टेज चढतं, क्लोरिन मात्र कमी पडतो. थर काढायला लोक तारेचा ब्रश घेऊन धावतात. तसं कधीच करू नये. टायटॅनियमच्या पट्टीवरचा रुथेनियमचा लेप खरवडला गेला की पट्टी वाया. आधी वीज बंद, मग आतलं द्रावण काढून साध्या पाण्यानं स्वच्छ धुवायचं आणि मगच पातळ आम्ल फिरवायचं. हायपोक्लोराइटमध्ये आम्ल पडलं तर विषारी वायू सुटतो, इथं घाई जिवावर बेतते.

थर निघतो, पण पंधरवड्यात पुन्हा बसतो. दोष यंत्रात नसतो, पाण्यात आणि मिठात असतो. यंत्राआधी पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर हवा, तो वेळच्या वेळी रिजनरेट व्हायला हवा आणि मीठ शुद्ध हवं. हा खर्च वाचवणं म्हणजे माणसांना जुलाबाच्या तोंडी देणं, असं माझं ठाम मत आहे.

आरोग्यसेवक नळाशी पाण्यातला क्लोरिन तपासणारी ओटी टेस्ट करायला आला की जवळ उभे राहा. पिवळा रंग आला नाही, तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.