बॅटरी कोण खातंय?

पूर्वी सेल संपत आले की ते कानाला कळायचं. टेपरेकॉर्डरमधला गाणारा हळूहळू जड आवाजात गायला लागायचा, तान रेंगाळायची आणि घरातलं कुणीतरी म्हणायचं, ‘सेल उतरले.’ मग ते सेल काढून उन्हात ठेवायचे. तेवढ्यानं आणखी एखादी कॅसेट निभायची. १९७९ साली आलेला वॉकमनही दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि त्याचंही रडगाणं असंच ऐकू यायचं. आताच्या छोट्या म्युझिक प्लेअरचं तसं नाही. आवाज शेवटपर्यंत ठणठणीत असतो, आणि मग एकदम बंद. काय झालं याचा माग लागत नाही. म्हणून आपण एकच निदान करून मोकळे होतो : बॅटरी गेली.

हे निदान बऱ्याचदा बरोबरही असतं. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी आज प्रत्येकाच्या खिशात आहे. २०१९ साली तिच्या तीन शिल्पकारांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण ती वापरली तरी म्हातारी होते आणि नुसती ठेवली तरी होते. उष्णतेत लवकर होते. कायम शंभर टक्के भरून ठेवली तर आणखी लवकर होते. त्यामुळे पाच-सहा वर्षं जुना प्लेअर घेऊन दुकानात गेलं की दुकानदार तो न उघडताच सांगतो, ‘बॅटरी बदला, नाहीतर नवीन घ्या.’

माझ्या अब्बांनाही हेच उत्तर मिळालं होतं.

अब्बा मिरजेत राहतात. वय चौऱ्याहत्तर. झोप कमी झालीय. अम्मी गेल्यापासून रात्री दोन-दोन तास जागे असतात आणि त्या वेळात त्यांना सोबत असते काडेपेटीएवढ्या एका प्लेअरची. मिरजेत वाढलेल्या माणसाला गाण्याचं वेड असलं तर त्यात नवल नाही. १९३७ साली वारलेले अब्दुल करीम खाँसाहेब इथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि उरुसात त्यांच्या नावानं रात्र-रात्र गाणं होतं. अब्बांच्या प्लेअरमध्ये खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आहेत. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, तेवढ्यात सगळा राग. हिराबाई बडोदेकरांची नाट्यपदं आहेत. आणि अगदी शेवटी, मेमरी कार्डावर, तेवीस मिनिटांचं एक रेकॉर्डिंग आहे. माझ्या मामेबहिणीच्या हळदीच्या रात्री अम्मी बायकांबरोबर गाणी म्हणत होती, मध्येच अडखळत होती, हसत होती. प्लेअरलाच बारीकसा माइक आहे. अब्बांनी तो तिच्यासमोर धरला होता. ते रेकॉर्डिंग त्या कार्डाशिवाय दुसरीकडे कुठेही नव्हतं.

प्लेअर नवा होता तेव्हा एकदा चार्ज केला की आठवडाभर पुरायचा. रोज दोन तास धरले तर चौदा-पंधरा तास. गेल्या हिवाळ्यात तो एका रात्रीवर आला. संध्याकाळी पूर्ण भरायचा, तासभर ऐकायचं, बंद करून उशाशी ठेवायचा आणि सकाळी बघावं तर मेलेला.

मी पुण्याहून गेले तेव्हा नवी बॅटरी शोधूया म्हणाले. अब्बांनी हात वर केला. आमच्या घरात दखनी बोलतात, दारात मराठी. ते म्हणाले, ‘बॅटरी गई बोलना आसान है. पहले ये देख, उसको खाता कौन है.’

अब्बा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं उभं आयुष्य बॅटऱ्या आणि रिले यांच्यात गेलं. रुळांतून बॅटरीचा बारीकसा प्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की चाकांमुळे तो मधल्यामध्ये वळतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. यातली खुबी अशी, की बॅटरी उतरली किंवा तार तुटली तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबते, धावत नाही. मग मेन्टेनरनं रात्री-अपरात्री जाऊन शोधायचं, की प्रवाह नेमका कुठे नाहीसा होतोय. आणि शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर कशामुळे गेला ते कधीच कळत नाही.

अब्बांनी वही काढली. आम्ही पाच दिवस तपास केला. तो क्रमानं सांगते, कारण तुमच्याही घरी कधीतरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पडद्यावरच्या बॅटरीच्या चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. साध्या प्लेअरमध्ये ते चित्र व्होल्टवरून अंदाज करतं. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास असते, पण मधला बराच काळ ती ३.७ च्या आगेमागे रेंगाळते आणि शेवटी कोसळते. त्यामुळे दोन काड्या दिसल्या म्हणजे निम्मी उरली, असं नसतं. मोजायचे ते तास.

दुसरी गोष्ट, खर्च दोन प्रकारचा असतो : चालू असतानाचा आणि बंद असतानाचा. हे दोन आधी वेगळे करायचे. चालू असतानाचे खर्च बहुतेकांना ठाऊक असतात. पडद्याचा उजेड, मोठा आवाज, ब्लूटूथ, इक्वलायझर, सारखी गाणी पुढे ढकलणं. अब्बा यातलं काहीच करत नाहीत. गाणं अर्ध्यावर सोडणं त्यांना बेअदबी वाटते.

म्हणून पहिल्या रात्री आम्ही काहीच ऐकलं नाही. प्लेअर पूर्ण भरला, बंद केला आणि ठेवून दिला. सकाळी फक्त एक काडी उरली होती. म्हणजे चोर बंद असताना येत होता. आणि आणखी एक गोष्ट अब्बांच्या हाताला लागली. ‘गरम है,’ ते म्हणाले. डिसेंबरातली सकाळ, फरशी गार, उशी गार आणि बंद असलेलं यंत्र कोमट. कोमट म्हणजे आत काहीतरी चालू. पडदा झोपला होता, यंत्र जागं होतं.

दुसऱ्या रात्री एकच बदल केला, मेमरी कार्ड काढून ठेवलं. सकाळी प्लेअर गार आणि चारही काड्या शाबूत. तिसऱ्या दिवशी कार्डाशिवाय, आतल्या मेमरीतली गाणी एकाच आवाजावर सलग लावून ठेवली. अकरा तास चालला. पंधराचे अकरा, हे वयानं झालेलं नुकसान. पण अकरा तास चालणाऱ्या बॅटरीला ‘गेली’ म्हणत नाहीत. चौथ्या रात्री माझ्या मोबाइलमधलं जास्तीचं कार्ड घातलं. सकाळी सगळं ठीक. म्हणजे खाचेत दोष नव्हता, कार्डाशीच काहीतरी होतं.

या प्लेअरचं काम कसं चालतं ते इथे सांगायला हवं. कार्डावर काय-काय गाणी आहेत, कोणी गायलीत, किती लांबीची आहेत, याची तो स्वतःशी एक यादी करतो. त्यासाठी प्रत्येक फाइल थोडी-थोडी वाचतो. एखादी फाइल अर्धवट उतरलेली असेल किंवा कार्डाचा तो भाग खराब झाला असेल, तर यादी तिथेच अडते. प्लेअर पुन्हा वाचायला जातो, पुन्हा अडतो. वरून तो बंद दिसतो, आत त्याची चिप रात्रभर तेच दार ठोठावत बसते. बॅटरी त्यात संपते.

पाचव्या दिवशी हे लक्षात आलं आणि घरात शांतता पसरली. कार्ड खराब होत असेल, तर त्यावरची ती तेवीस मिनिटं?

अशा वेळी माणूस जे पटकन करतो, तेच करायचं नसतं. कार्ड कॉम्प्युटरला लावलं की तो बरेचदा विचारतो, दुरुस्त करू का, फॉरमॅट करू का. नाही म्हणायचं. दुरुस्तीच्या नावाखाली तो कार्डावर लिहितो, आणि मरायला टेकलेल्या कार्डावर लिहिणं म्हणजे हातातलं घालवणं. आधी फक्त वाचायचं. आणि सगळं एकदम उचलायचं नाही. ज्याला मोल आहे ते पहिलं, एकटं. कार्ड पुढच्या मिनिटाला साथ देईल याची खात्री नसते.

आम्ही अम्मीची फाइल निवडली. हिरवी पट्टी सरकत राहिली. अब्बा पडद्याकडे बघत नव्हते, खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. फाइल पूर्ण उतरली. मी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून पाहिली, कारण नुसती उतरली म्हणजे वाजते असं नाही. तेवीस मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

मग बाकीचं घेतलं. दोन फाइली आल्या नाहीत. दोन्ही खाँसाहेबांच्या. अब्बा म्हणाले, ‘खाँसाहेबां को दुनियाने सँभाल के रखा है, मिल जाएँगे.’ खरंच आहे. थोरांचा आवाज जपायला शंभर हात असतात. घरातल्या बाईचा आवाज एका नखाएवढ्या कार्डावर असतो आणि तो जपणं आपल्याशिवाय कुणाचं काम नसतं.

आता विचार करते, त्या दिवशी नवी बॅटरी बसवली असती तर काय झालं असतं? नव्या जोमाची बॅटरी काही दिवस तो खर्च सोसत राहिली असती. दोष झाकला गेला असता. कार्ड मात्र गुपचूप मरत राहिलं असतं. अब्बांच्या भाषेत बोलायचं, तर लाल सिग्नलवर हिरवा कागद चिकटवल्यासारखं. उतरणारी बॅटरी ही तक्रार होती, आणि तक्रार करणाऱ्यालाच बदलून टाकायला आपण निघालो होतो.

तुमच्याकडे असा एखादा जुना प्लेअर असेल तर आधी बंद ठेवून एक रात्र मोजा. मग कार्ड काढून मोजा. बंद यंत्र कोमट लागतंय का बघा. गाणी भरून झाल्यावर वायर ओढून काढू नका, कॉम्प्युटरला सांगून काढा. अर्धवट फाइली तिथेच जन्मतात. वापरात नसेल तर अर्धा चार्ज ठेवून, उन्हापासून दूर ठेवा. मात्र बॅटरी फुगून कव्हर वर आलं असेल, तर यातलं काहीही करू नका. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, जाणकाराकडे द्या. आणि ज्या आवाजाची दुसरी प्रत जगात नाही, त्याची प्रत आजच काढा.

अम्मीचं रेकॉर्डिंग आता पाच घरांत आहे. मामेबहिणीनं ते तिच्या मुलीला ऐकवलं, तिला त्यातली दोन गाणी पाठ झाली आहेत. अब्बांच्या प्लेअरमध्ये नवं कार्ड आहे, बॅटरी जुनीच. बदलून घेऊया का, असं मी पुन्हा एकदा विचारलं.

‘ग्यारा घंटे बहोत हैं,’ ते म्हणाले. ‘मैं कहाँ इत्ता जागता?’