मधुचंद्राचा नकाशा

आमच्या वेळी मधुचंद्राला कुठे जायचे याचा फारसा खल करावा लागत नसे. पुण्याच्या माणसाने महाबळेश्वरला जावे आणि मुंबईच्या माणसाने माथेरानला, अशी वाटणी जणू ब्रह्मदेवानेच करून ठेवली होती. मी मुंबईचा. त्यामुळे १९८५ साली आम्ही माथेरानला गेलो. तीन दिवसांचा मुक्काम. त्यातला एक दिवस, तिथे सहकुटुंब आलेल्या आमच्या हेडक्लार्कांच्या मुलांना घोड्यावर बसवण्या-उतरवण्यात गेला. तरीही मधुचंद्र झाला तो झालाच. त्याबद्दल आमच्या घरात आजवर कोणी तक्रार केलेली नाही. निदान लेखी तरी नाही.

म्हणूनच गेल्या दिवाळीत, लग्न ठरल्यावर, चिरंजीवांनी चकलीचा तुकडा मोडत "आम्ही इटलीला जाणार" असे जाहीर केले तेव्हा मला वाटले, चला, प्रश्न सुटला! माथेरान म्हटल्यावर जसे माथेरान, तशी इटली म्हटल्यावर इटली. पण इटली हा एक देश नसून वीस प्रांतांचा संसार आहे, हे मला त्या दिवाळीत कळले.

चिरंजीवांचा ओढा उत्तरेकडे. त्यांना व्हेनिसचे कालवे हवे होते, कोमोचे सरोवर हवे होते आणि डोलोमाइटचे डोंगरही हवे होते. होणाऱ्या सूनबाईंचे मन दक्षिणेत गुंतलेले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले पॉम्पेई त्यांना पाहायचे होते, आणि सिसिलीला तर जायचेच होते. तिथे जाताना मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी आगगाडीचे डबे चक्क बोटीत चढवतात, आणि आपण डब्यात बसल्या बसल्या समुद्र ओलांडतो. हे ऐकून मी ताबडतोब दक्षिणेच्या पक्षाला मिळालो.

"आणि रजा किती दिवसांची?" आमच्या सौभाग्यवतींनी पुरणाचा गोळा वळावा तितक्या शांतपणे विचारले.

"दहा दिवसांची," दोघेही एकदम म्हणाले.

"पंक्तीला बसलं की वाढतील ते सगळं घ्यायचं नसतं," ही म्हणाली. "मग कशाचीच चव लागत नाही."

फेब्रुवारीत लग्न आणि एप्रिलात प्रवास असे ठरले, आणि निम्मे वाद पंचांगानेच मिटवले. डोलोमाइटमधले बरेचसे पाळणे एप्रिलच्या मध्याला बंद होतात. बर्फावरून घसरणाऱ्यांचा हंगाम संपलेला आणि पायी भटकणाऱ्यांचा सुरू व्हायचा असतो. व्हेनिसला वस्तीला न राहता नुसते दिवसभर फिरून परतणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, म्हणून तिथे राहायचे असेल तरच जावे असे ठरले. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडे वर. म्हणजे हा रस्ता सोपा. सिसिली मात्र फार खाली राहिली. सूनबाईंचा चेहरा उतरला.

हे सारे हिशेब फोनच्या काचेवर चाललेले. मला त्यात काही दिसेना. म्हणून मी उत्साहाने माळ्यावरून माझा शाळेतला जुना नकाशासंग्रह काढून आणला. युरोपचे पान उघडले, आणि एकदम गप्प झालो.

इटलीच्या मध्यावर एक पांढुरका डाग होता. तो मी विसरलो होतो.

"हे काय सांडलंय, बाबा?" सूनबाईंनी विचारले.

"काही नाही. जुनं आहे," मी म्हणालो.

पण चाळीस वर्षे संसार केलेल्या बायकोपुढे असले "काही नाही" टिकत नाही. "सांगा की," ती म्हणाली. "तो काकूंच्या बोटाचा डाग आहे."

मग सांगावेच लागले. आमचे मूळ घर माणगावकडचे. माझे थोरले काका १९४२ साली लग्न झाल्यावर चार महिन्यांत मराठा पलटणीतून बोटीने परदेशी गेले. १९४४ च्या उन्हाळ्यात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते पडले. त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी आमच्या माणगावकडचेच नाईक यशवंत घाडगे, सोबतचे सगळे पडले तरी एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला आहे. आमच्या काकांचा पुतळा नाही. काकूकडे उरले ते एक तार, थोडेसे पेन्शन आणि "इटाली" हा शब्द.

१९६८ साली हा नकाशासंग्रह मला मिळाला तेव्हा काकू चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. "यात इटाली आहे का रे?" तिने विचारले. मी दाखवली. तिने पिठाचे ओले बोट तिथे ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. मग म्हणाली, "तिकडं भात पिकतो का रे? त्यांना भाताशिवाय जेवण जायचं नाही."

मी दहा वर्षांचा. मास्तरांनी शिकवले होते की साहेबाच्या मुलखात गहू पिकतो. मी ठणकावून सांगितले, "नाही पिकत." काकूने बोट उचलले आणि तव्यावरची भाकरी उलटली.

पुढे कॉलेजात असताना वाचले, की पो नदीच्या खोऱ्यात मैलोगणती भातखाचरे आहेत. आज तर युरोपीय संघात सर्वांत जास्त भात इटलीच पिकवते. काकू १९९८ पर्यंत होती. मला सांगता आले असते. पण इतक्या वर्षांनी तो विषय काढायला जीभ रेटली नाही.

खोलीत कोणी बोलेना. सूनबाई फोनमध्ये काहीतरी शोधू लागल्या. फ्लॉरेन्सहून गाडीने तासा-सव्वा तासावर अरेझ्झो नावाचे गाव आहे. तिथल्या युद्धस्मशानात हिंदी सैनिकांचे स्मारक असून, ज्यांचे दहन झाले त्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. काकांचे नाव त्या यादीत होते.

"आपण इथे जायचं," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने म्हणालो, "छे, छे! मधुचंद्राला कोणी स्मशानात जातं का?"

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांचंही नुकतंच लग्न झालं होतं ना?"

यावर मला काही बोलता आले नाही. चिरंजीवांनी मुकाट्याने कागदावरचे डोलोमाइट खोडले, सूनबाईंनी सिसिली खोडली. "सिसिली पुढच्या खेपेला," ही म्हणाली, "पुढच्या खेपेला काहीतरी राहिलेलं असावं."

एप्रिलात दोघे जाऊन आली. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यांचे शेकडो फोटो आम्ही पाहिले. कोणते देऊळ कुठले ते माझ्या ध्यानात राहिले नाही. अरेझ्झोचा फोटो एकच होता: दगडातले नाव आणि त्याखाली टेकलेले सूनबाईंचे मेंदी पुसट झालेले बोट.

माझ्यासाठी त्यांनी आणली ती कापडी पिशवीतली अर्धा किलो तांदळाची पुडी. आमच्या सौभाग्यवतींनी तो तांदूळ आपल्या पद्धतीने शिजवला. टपोरा दाणा, आणि शिजल्यावर इतका आसट की डाव उचलला तर पातेले वर यावे. तिने पहिले वाढप वेगळे काढून काकूच्या फोटोपुढे ठेवले, वर तुपाची धार सोडली आणि मला म्हणाली, "आता सांगा त्यांना."

मी सांगितले, "काकू, पिकतो."