मौनाचे रंग

चित्रात काय आहे हे सांगता आले की आपल्याला चित्र समजले असे वाटते. पवित्र कुटुंबाची तसबीर असो वा दिनदर्शिकेवरील डोंगर-नदी, ओळख पटली की आपण निश्चिंत होतो. परंतु ज्या चित्रात ओळखण्याजोगे काहीच नाही, त्याच्यापुढे आपण कसे उभे राहावे? वासुदेव गायतोंडे यांची चित्रे हाच प्रश्न विचारतात.

गायतोंडे यांचा जन्म 1924 साली नागपुरास झाला. घराणे मूळचे गोव्याचे. बालपण गिरगावच्या चाळीत गेले. चित्रकलेच्या मार्गाला वडिलांचा विरोध होता. तरीही 1948 साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळविली. आरंभी त्यांच्या चित्रांत माणसे होती. पुढे पॉल क्ले या चित्रकाराच्या प्रभावाने आकृती मावळत गेल्या. झेन विचार, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या चिंतनातून त्यांची मौनावर निष्ठा जडली. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मानवत नसे. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. रोलर आणि रंगपट्टीची सुरी घेऊन ते रंगाचे थर चढवीत आणि खरवडून काढीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. उरलेला काळ पाहण्यात आणि वाट पाहण्यात जाई.

1964 साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, तेथे मार्क रॉथको यांची त्यांनी भेट घेतली. याच रॉथको यांची चौदा गडद चित्रे ह्यूस्टन येथील एका प्रार्थनागृहात आहेत. एका कॅथलिक दांपत्याने ते उभारले व 1971 साली ते सर्वधर्मीयांसाठी खुले झाले. तेथे ना मूर्ती, ना प्रसंग. तरीही माणसे तासन्‌तास बसून प्रार्थना करतात. सेमिनरीत आम्ही क्रुसाच्या संत योहानाचा अभ्यास केला होता. परमेश्वराच्या वाटेवर सर्व प्रतिमा मागे ठेवाव्या लागतात, ही त्याची शिकवण तेव्हा आम्ही पाठ केली. तिचा अर्थ उमगण्यास गायतोंडे यांची चित्रे साहाय्यभूत ठरली.

बिडकीनच्या आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. मोबदल्याची रक्कम सरत आली आहे. मुलाने आयटीआय करून कारखान्यात लागावे, अशी बापाची इच्छा. मुलाला चित्रकला शिकायची आहे. "फादर, ह्यात ना माणूस, ना झाड. नुसता रंग. तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा," असे म्हणून बापाने मुलाचे कागद आमच्यापुढे ठेवले.

काय सांगावे? गायतोंडे यांच्या एका चित्राला 2013 साली मुंबईच्या लिलावात तेवीस कोटींहून अधिक रुपये मिळाले, हे सांगितले असते तर बाप कदाचित राजी झाला असता. पण ते अर्धसत्य झाले असते. 2001 साली गायतोंडे निवर्तले ते जवळजवळ कोणाच्या ध्यानात न येता. दिल्लीतील त्यांचे अखेरचे दिवस एकाकी होते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन 2014 साली भरविले. कीर्ती आणि पैसा दोन्ही मागून आले. म्हणून आम्ही बापाला एवढेच म्हणालो, "दादा, पोटाची तुमची चिंता खरी आहे. त्याने हातात एखादे कौशल्य घ्यावे. पण घरातली एक भिंत त्याच्यासाठी राखून ठेवा." मुलाला म्हणालो, "बाळा, विक्रीच्या आशेने रंगवणार असशील तर आजच थांब. रंगविल्यावाचून राहवत नसेल, तर कारखान्यातून परतल्यावरही रंगवशील." दोघांचेही पूर्ण समाधान झाले असे नाही, मात्र कागद फाडले गेले नाहीत.

आपल्या घरांत आज शब्दांचा सुकाळ आहे. मौनाला जागा नाही. जपमाळही आपण कधी कधी घाईने उरकतो. वाचकहो, एखाद्या संध्याकाळी प्रार्थना आटोपल्यावर पाच मिनिटे काही न मागता, काही न बोलता बसून पाहावे. परमेश्वराला आपल्याशी बोलायचे असेल, तर त्यालाही थोडी मोकळी जागा हवी.