अंगाला लागणारी बाजू

२ डिसेंबर
नक्षीचे नवे रूळ आज लाईनवर चढले. जोडीनं फिरणाऱ्या या रूळांपैकी एकावर मुगाच्या दाण्याएवढे उंचवटे आहेत, दुसऱ्यावर त्याच मापाचे खळगे. मधून गेलेलं पातळ कापड उंचसखल होऊन बाहेर येतं. सॅनिटरी पॅडच्या सगळ्यात वरच्या थरासाठी, म्हणजे टॉपशीटसाठी हा माल. चौरस मीटरला वजन फक्त २२ ग्रॅम.

मी इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढले. कापड म्हटलं की बीम, कांडी, उभा धागा, आडवा धागा. डीकेटीई या वस्त्र-अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात शिकायला गेले तेव्हा नॉनवोव्हन पहिल्यांदा जवळून पाहिलं. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे २३० अंशांच्या आसपास वितळवायचे, बारीक छिद्रांच्या चकतीतून तंतू काढायचे, गार हवेनं थंड करत हवेनंच ओढायचे आणि फिरत्या जाळीपट्ट्यावर जसे पडतील तसे अंथरायचे. मग गरम रूळांमधून दाबून जागोजागी ठिपक्यांनी जोडायचे. एकेक तंतू १७-१८ मायक्रॉनचा. दाण्यापासून रोलापर्यंत कुठेही माग नाही.

या सपाट कापडाला उंचसखल करण्यामागे शोभेपेक्षा मोठं कारण आहे. सपाट टॉपशीट ओली झाली की पूर्ण पृष्ठभागानं त्वचेला चिकटते. उंचवटे असले तर त्वचा फक्त त्यांच्या माथ्यावर टेकते. खालच्या खळग्यांतून ओल आत जाते आणि थोडी हवा खेळते.

४ डिसेंबर
दिवसभर चाचण्या. दहा फिल्टर पेपरच्या गठ्ठ्यावर नमुना ठेवायचा, वरून ५ मिलिलिटर मिठाचं पाणी सोडायचं (०.९ टक्के, म्हणजे शरीरातल्या क्षाराच्या जवळपास) आणि ते किती सेकंदांत खाली उतरतं ते यंत्रावर पाहायचं. मिनिटाच्या अंतरानं पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा. शेवटी वर कोरा कागद ठेवून ४ किलोचं वजन दाबायचं. कागदानं जेवढं पाणी टिपलं, तेवढं त्वचेकडे परत आलं असं धरायचं. हे वजन मूळ ठरलं ते डायपरमध्ये बसलेल्या तान्ह्या बाळाच्या हिशेबानं.

पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाणी पीत नाही, उलट त्याला दूर लोटतं. म्हणून तंतूंवर साबणाच्या जातीचं रसायन, सरफॅक्टंट, लावतात आणि त्यामुळे पाणी आत शिरतं. पहिल्या ओतण्यात ते थोडं धुऊन जातं. साध्या सपाट नमुन्यात तिसरं पाणी म्हणूनच रेंगाळलं. नक्षीच्या नमुन्यात मात्र ते खळग्यांत जमा होऊन लवकर उतरलं, आणि वरच्या कागदावर ओलही कमी आली. लॅबमधल्या सगळ्यांचे चेहरे उजळले.

८ डिसेंबर
पॅड वापरणाऱ्या बायकांचं ऐकायला शिरोळ तालुक्यातल्या एका उसाच्या फडाजवळच्या कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंबरोबर गेले. ऊसतोडणीला आलेल्या बहुतेक जणी बीडकडच्या. आशाताईंनी गोळ्या वाटल्या, पॅडची पाकिटं दिली आणि मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही काही सांगू नका, नुसतं ऐका."

तिशीची असेल, पण चाळिशीची दिसणारी एक बाई बोलती झाली. "ताई, पहाटं चारला फडात जायचं ते सांजच्यालाच परतायचं. बदलाया आडोसा कुठाय? ते जाळीचं पॅड घामानं चिकटून बसतंय, मांडीला काचतंय. मोळी डोक्यावर घेऊन चालताना आग आग होती. फडकं बरं वाटतं, पण वाळवायचं कुठं?"

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आन् घरी बसलं तर खाडा, म्हंजी दंड."

जाळीचं पॅड म्हणजे बाजारात ड्रायनेट नावानं खपतं ते. त्याच्या वर कापड नसतं, भोकं पाडलेली प्लास्टिकची फिल्म असते. रक्त पटकन आत जातं, वरून कोरडं दिसतं. पण उसाच्या पाचोळ्यात, उन्हात, वाकून काम करताना ती फिल्म घामेजलेल्या त्वचेला चिकटते आणि घासते.

खाड्यावरून आठवलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची गोष्ट २०१९ मध्ये साऱ्या राज्याला कळली. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांना विचारलं गेलं. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. आकडा तेव्हा वाचला होता. आज त्यातल्या काही जणी समोर बसल्या होत्या.

९ डिसेंबर
रात्री नीट झोप नव्हती. सकाळी लॅबमध्ये पहिलं काम केलं ते जाडी मोजण्याच्या पद्धतीकडे नव्यानं पाहण्याचं. नॉनवोव्हनची जाडी मोजताना त्यावर ०.५ किलोपास्कल दाब देतात. चौरस सेंटिमीटरला जेमतेम ५ ग्रॅम. हा हलका स्पर्श झाला. बसलेल्या, वाकलेल्या, चालणाऱ्या शरीराचा दाब याच्या कितीतरी पट असतो, आणि तो तासन्‌तास राहतो.

चार तऱ्हेचे नमुने ओले करून, भरपूर वजनाखाली, अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानाच्या कपाटात ठेवले. उद्या सकाळी काढायचे.

१० डिसेंबर
निकाल लख्ख आहे. आमच्या नव्या रूळांची सुरेख नक्षी बरीचशी बसून गेली. पॉलिप्रॉपिलीन उबेत आणि दाबाखाली हळूहळू सरकतं आणि मग तसंच राहतं. तग धरला तो दोन थरांच्या तंतूंच्या नमुन्यानं. त्या तंतूंना बाहेरून पॉलिथिलीनची साल असते, ती १३० अंशांजवळ वितळते. आतला पॉलिस्टरचा गाभा २५० च्या पुढेच वितळतो. कार्डिंग करून, म्हणजे विंचरून, अंथरलेल्या या तंतूंमधून गरम हवा सोडली की फक्त साल वितळते आणि जिथे दोन तंतू एकमेकांवर पडले तिथेच सांधा बनतो. रूळांनी दाबावं लागत नाही, म्हणून कापड फुगीर राहतं. गाभा ताठ असल्यानं वजन काढल्यावर ते पुन्हा उठतं.

ही तऱ्हा महाग आहे. पण दाबाखाली आठ तास टिकणारा उंचवटाच त्या फडातल्या बाईच्या कामाचा. पहिल्या तीन ओतण्यांवर कापड पास करणं आता मला पुरेसं वाटत नाही.

१३ डिसेंबर
लॅबमधल्या एका सहकाऱ्याचे वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेत. तो विचारत होता, मोठ्यांच्या डायपरनं त्यांची कातडी का सोलवटते. मी फळ्यावर काढून दाखवलं. मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्वचेची आम्लता घटते. आम्लता घटली की विष्ठेतली प्रथिनं आणि चरबी तोडणारी विकरं जोर धरतात. त्यात ओली त्वचा मऊ पडलेली, तिच्यावर घर्षण जास्त. तीन कारणं एकत्र आली की पुरळ उठायला वेळ लागत नाही.

वेळेवर बदलणं हा पहिला उपाय. तो साधत नसेल तेव्हा टॉपशीटवर सगळा भार येतो. पातळ जुलाब बारीक छिद्रांतून उतरत नाहीत, वरच पसरतात. तिथे खोल खळगे आणि मोठी भोकं हवीत. सहकारी वहीत लिहून घेत होता.

१७ डिसेंबर
किमतीची बैठक. विक्री विभागाचं म्हणणं, उंचसखल कापड वरच्या दर्जाच्या पाकिटात घालू. स्वस्त पॅडला सपाट चालेल. हिशेब मला समजतो. ग्रॅमागणिक पैसे वाढतात. पण शहरात कार्यालयात काम करणारी मुलगी तीन-चार तासांनी पॅड बदलू शकते. जिला दिवसभर बदलता येत नाही, ती सगळ्यात स्वस्त पाकीट घेते. उत्तम टॉपशीटची गरज तिला जास्त आहे.

२०१८ साली सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. त्याच वर्षी राज्यानं अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट तेव्हा ५ रुपयांत मिळू लागलं. किंमत खाली आणायची इच्छाशक्ती या राज्यानं दाखवली आहे. आता खाली आलेल्या किमतीत अंगाला लागणारी बाजूही चांगली मिळावी, असं मी बैठकीत स्पष्ट बोलले. पॅडच्या गाभ्यात थोडी काटकसर करून टॉपशीटवर खर्च वळवता येईल का, ते पाहायला साहेबांनी परवानगी दिली.

२० डिसेंबर
आज मिठाच्या पाण्याऐवजी बकऱ्याचं रक्त. न गोठण्यासाठी ऑक्झलेट घातलेलं. सॅनिटरी पॅडच्या भारतीय मानकाच्या, आयएस ५४०५ च्या, १९८० च्या आवृत्तीत शोषणाच्या चाचणीला रंगीत पाण्याबरोबर हाही पर्याय दिलेला होता: मिनिटाला १५ मिलिलिटर या वेगानं ३० मिलिलिटर सोडायचं आणि खालून वा कडेनं गळता कामा नये.

फरक डोळ्यांना दिसतो. पाणी धावतं, रक्त अडखळतं. त्यात पेशी आहेत, प्रथिनं आहेत, दाटपणा आहे. बारीक छिद्रांच्या तोंडाशी ते थांबून राहतं आणि तिथेच सुकतं. मग काचणं सुरू. छिद्रं मोठी केली तर ते झटकन उतरतं, पण दाब पडला की तितक्याच सहज वर येतं.

वाट मधली निघतेय. उंचवटे अखंड ठेवायचे, भोकं फक्त खळग्यांत पाडायची, आणि लगेच खाली जास्त घट्ट, बारीक पोकळ्यांचा थर द्यायचा. द्रव मोठ्या पोकळीतून बारीक पोकळीकडे ओढला जातो, उलट सहसा जात नाही. त्वचा माथ्यावर टेकते, रक्त दरीतून निघून जातं.

२४ डिसेंबर
वापरून पाहण्याच्या चाचणीचा आराखडा. कोणीतरी सुचवलं, फडातल्या बायकांनाच नमुने वाटू. मी नकार दिला. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) अंगावर असलेल्या बाईला कशालाच नाही म्हणायची मोकळीक नसते. तिची संमती खरी कशी मानायची? आधी त्वचेच्या चाचण्या पूर्ण, मग आमच्याच पॅकिंग विभागातल्या आणि ओळखीच्या रुग्णालयातल्या परिचारिकांपैकी स्वेच्छेनं पुढे येतील त्या. दिवसभर उभं राहणं त्यांनाही चुकत नाही. कोणत्याही क्षणी सोडायची मुभा, असं मराठीत, सोप्या शब्दांत लिहिलं.

३० डिसेंबर
वापरलेलं पॅड जातं कुठे, हा प्रश्न टाळून हे काम करता येणार नाही. फडाजवळ ते बांधाकडेला पुरतात किंवा पाचटाबरोबर जाळतात. पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकानं गुंडाळायला पिशवी देणं बंधनकारक केलं. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा अशी मोहीम चालवली, कारण उघडं पॅड त्यांच्या हातात येतं.

मक्याच्या साखरेपासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकचा एक नमुना मागवलाय. स्पर्श जरा ताठ आहे. स्पनलेस, म्हणजे पाण्याच्या झोतांनी तंतू गुंफलेलं, सुती कापड मऊ आहे, कुजतंही; पण कापूस ओल धरून बसतो, त्यामुळे वरची बाजू ओलीच राहते. सुती तंतूंना पाणी न पिणारं करून, फक्त खळग्यांतून वाट दिली तर? जानेवारीत हे करून पाहायचं.

४ जानेवारी
अहवाल पूर्ण केला. तीन शिफारशी. पहिली: यापुढे उंची आणि परत येणारी ओल आठ तासांच्या उबदार दाबानंतर मोजावी. दुसरी: दोन थरांच्या तंतूंची, खळग्यांत भोकं असलेली टॉपशीट आधी स्वस्त पाकिटात यावी. तिसरी: प्रत्येक पॅडला कागदी वेष्टन.

शेवटी एक परिच्छेद जोडलाय. फडाजवळ आडोसा, पाणी आणि पाळीच्या दिवसाचा खाडा माफ, या गोष्टी कुठल्याही कापडानं भरून निघणार नाहीत. त्या कारखान्यांकडे आणि सरकारकडे मागाव्याच लागतील. पण त्या मिळेपर्यंत त्या बाईच्या त्वचेला रोज काय लागतं, ते आमच्या हातात आहे. मिलिमीटरभर उंचीचं हे काम मला आयुष्यभर पुरेल एवढं मोठं वाटतं. सोमवारी नव्या भोकांचा पहिला रोल काढायचा.